पंडिता रमाबाई : ख्रिस्त स्वीकारला, पण जोखड नाकारले

धर्मांतर म्हटले की आजही दोनच शब्द तोंडावर फेकले जातात : आमिष आणि बळजबरी. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेल्या कायद्यांपासून हीच भाषा चालू आहे. माणूस विचार करून धर्म बदलू शकतो, हे येथील मनुवादी व्यवस्थेला मान्यच नाही. म्हणून पंडिता रमाबाईंचे चरित्र चळवळीच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, हाच त्यांचा गुन्हा. गावातील ब्रह्मवृंदाच्या रोषामुळे ते रानात राहिले. पुढे तीर्थयात्रा करीत हे कुटुंब देशभर भटकले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. आयुष्यभर देवांची सेवा केलेल्या त्या घराला एकही देव पावला नाही. रमाबाईंची पहिली श्रद्धा तेथेच ढासळली.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु धर्मशास्त्रे वाचताना त्यांना कळून चुकले, की स्त्री आणि शूद्र यांना त्यात ज्ञानाचा अधिकार नाही आणि मोक्षाचाही नाही. १८८० साली त्यांनी शूद्र गणल्या जाणाऱ्या बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी विवाह केला. दोन वर्षांतच पटकीने पती गेला. कडेवर मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याच्या सनातन्यांनी गहजब केला. त्या गदारोळात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. ब्राह्मण घरातली विदुषी तो धर्म का सोडते, याचे कारण त्या धर्मातच आहे हे जोतीरावांनी ओळखले होते.

खरी कसोटी बाप्तिस्म्यानंतर लागली. मठातील भगिनींना रमाबाईंकडून आज्ञाधारकपणा हवा होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे म्हणणे पडले. क्रुसावरील लॅटिन अक्षरेही रमाबाईंना खटकली; तेथे संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी वाद घातला. भटशाहीचे जोखड नुकतेच मानेवरून उतरवले आहे, आता पाद्र्यांचे चढवणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आपण देवाशी बांधील आहोत, चर्चच्या अधिकाऱ्यांशी नाही, हे त्यांनी स्पष्ट केले.

तरीही ही श्रद्धा एका दिवसात पक्की झाली नाही. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. बुद्धीने पटलेली गोष्ट जीवनात उतरायला इतका काळ गेला.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास नेले. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागताच १८९३ साली वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाई डगमगल्या नाहीत. सदन प्रारंभी उच्चवर्णीय विधवांपुरते होते, ही मर्यादा सांगितलीच पाहिजे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनाने जात न विचारता शेकडो मुलींना आसरा दिला. तेथे विणकाम, शेती, छपाई सारे मुलीच करीत. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत आणले. संस्कृतच्या पंडितेने संस्कृतचा तोरा सोडला! १९२१ साली मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आम्ही बौद्ध आहोत. आमच्या धम्मात ईश्वराला स्थान नाही. रमाबाईंच्या देवाशी आमचे नाते नाही, पण त्यांच्या प्रामाणिकपणाशी आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासण्यात घालवली. आणि आम्ही? जातीच्या दाखल्यावर बौद्ध लिहितो, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगतो आणि लग्न ठरवताना हळूच पोटजात विचारतो. दीक्षा एका दिवसाची असते, धम्म रोजचा असतो. रमाबाईंनी आठ वर्षांनी स्वतःला विचारलेला प्रश्न पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी आम्ही स्वतःला विचारलेला नाही. तो आता प्रत्येक विहारात विचारला गेला पाहिजे.