मौलाना हसरत मोहानी : तुरुंगातला रमजान

सहेरीला चार घास आणि इफ्तारला खजूर व पाणी, एवढी सोय गरिबातल्या गरीब रोजेदाराच्या घरीही होते. १९०८ च्या रमजानमध्ये अलाहाबादच्या नैनी तुरुंगातील एका कैद्याला तीही नव्हती. दिवसाला मणभर धान्य जात्यावर दळण्याची सक्तमजुरी आणि त्यात रमजानचा महिना. हा कैदी म्हणजे मौलाना हसरत मोहानी.

मूळ नाव सय्यद फजलुल हसन. उन्नाव जिल्ह्यातील मोहान गावचे म्हणून मोहानी. ‘हसरत’ हे तखल्लुस. १९०३ मध्ये अलीगढहून बी.ए. झाल्यावर त्यांनी सरकारी नोकरी न धरता ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. राजकारणात त्यांनी लोकमान्य टिळकांना गुरू मानले. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा ते टिळकांबरोबर बाहेर पडले.

पुढच्या वर्षी इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख त्यांच्या मासिकात आला. सरकारला लेखकाचे नाव हवे होते. हसरत यांनी ते सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. जून १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांनाही. घरी तान्ही मुलगी आजारी होती. दंडाच्या वसुलीत त्यांची दुर्मीळ पुस्तके कवडीमोलाने लिलावात गेली. तरीही पत्नी निशातुन्निसा बेगम यांनी त्यांना खंबीर राहण्याचाच निरोप धाडला.

सुटल्यावर हसरत यांनी मासिक पुन्हा सुरू केले, स्वदेशी कापडाचे दुकान काढले. १९१६ मध्ये दुसरा तुरुंगवास घडला. डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला आणि ठराव पडला. १९२२ मध्ये हसरत पुन्हा गजाआड गेले. या वेळी पुण्याच्या येरवड्यात. तीच मागणी काँग्रेसने १९२९ मध्ये लाहोरला स्वीकारली. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणाही त्यांचीच देणगी.

नमाज-रोजाचे पक्के असलेले हे हाजी श्रीकृष्णावर कविता लिहीत, मथुरेला जात. १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्टांची परिषद भरली, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. फाळणीनंतर ते भारतातच राहिले. संविधान सभेचे सदस्य असूनही मसुदा न पटल्याने त्यांनी संविधानावर सही केली नाही. प्रवास मात्र अखेरपर्यंत रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने. १३ मे १९५१ रोजी लखनौमध्ये त्यांचे निधन झाले.

गुलाम अलींच्या आवाजातील त्यांची गझल आज घरोघरी ऐकली जाते. पण ती लिहिणाऱ्याने जाते ओढले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो. दुसऱ्याला वाचवण्यासाठी एक नाव ओठांवर न आणणाऱ्या हसरत यांनी त्या वर्षी दोन्ही रोजे पाळले.