वर्गणी गोळा करणारा मार्क हॅना

निवडणुकीला पैसा लागतो, हे तुम्हाला माहितीये. पण तो ‘सिस्टीम’ने गोळा कसा करायचा? त्यासाठी मार्क हॅनाला भेटा. जन्म १८३७, ओहायोचा. क्लीव्हलँडमध्ये कोळसा-लोखंडाचा धंदा. १८९६ मध्ये मित्र विल्यम मॅकिन्लेला रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मिळावं म्हणून त्याने अधिवेशनाआधीच ठिकठिकाणचे प्रतिनिधी आपल्या बाजूला वळवले, स्वतःचा खिसाही मोकळा केला. मग वर्गणी! गणपतीसारखी ‘द्याल ती’ नव्हे; बँकांना भांडवलाच्या पाव टक्क्याचा रेटच लावला. जमले सुमारे ३५ लाख डॉलर. मॅकिन्ले घराच्या ओसरीवरूनच बोलायचा, गर्दी रेल्वेने तिथे यायची. विरोधातला ब्रायन देशभर हिंडला आणि हरला. हॅना पुढे सिनेटर झाला, १९०४ मध्ये वारला. कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आणणारा कायदा आला १९०७ मध्ये. पळवाटा? त्याही निघाल्याच.