बिस्किटाचा तुकडा आणि कुत्र्याची आकडी

सकाळच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडला जातो आणि शेपूट हलवत पायाशी बसलेल्या कुत्र्यालाही त्यातले एखादे मिळते. आपण खातो ते त्याला कशाला बाधेल, असा आपला सरळ हिशेब असतो. हा हिशेब चुकू शकतो, हे प्रयोग करून दाखवणारा शास्त्रज्ञ म्हणजे सर एडवर्ड मेलनबी. मुलांच्या मुडदुसावरच्या संशोधनामुळे त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे. पण पाळीव कुत्र्यांवरही त्यांचे मोठे उपकार आहेत.

मेलनबी यांचा जन्म ८ एप्रिल १८८४ रोजी ईशान्य इंग्लंडमधील वेस्ट हार्टलपूल या बंदराच्या गावी झाला. केंब्रिजमध्ये त्यांना फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्यासारखे गुरू लाभले. अन्नात पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि क्षार यांच्याखेरीज आणखी काही सूक्ष्म घटक असतात आणि त्यांच्यावाचून शरीर वाढत नाही, हे हॉपकिन्स तेव्हा दाखवून देत होते. पुढे लंडनमध्ये मेलनबी डॉक्टर झाले. १९१४ मध्ये मे ट्वीडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मे स्वतः संशोधक होत्या आणि आहाराचा दातांवर होणारा परिणाम हा त्यांचा विषय होता.

त्या काळी ब्रिटनच्या कारखानदारी शहरांत पाय वाकलेली, हाडे मऊ पडलेली मुले गल्लोगल्ली दिसत. या मुडदुसाचे कारण कोणी कोंदट हवा सांगे, कोणी व्यायामाचा अभाव, कोणी जंतुसंसर्ग. याचा छडा लावण्याचे काम मेलनबी यांच्याकडे आले. त्यांनी कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून वाढवली. पाव किंवा ओटची लापशी आणि थोडे दूध, असा गरिबाघरच्या मुलांसारखा आहार त्यांना दिला. काही महिन्यांत पिल्लांचे पाय वाकले. त्याच आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले, तेव्हा हाडे सरळ वाढली. १९१८-१९ च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिल्लांना मुद्दाम आजारी पाडून मिळवलेले हे ज्ञान होते, हेही विसरून चालणार नाही.

तेलातला गुणकारी घटक ‘अ’ जीवनसत्त्व असावा, असा मेलनबी यांचा अंदाज होता. तो चुकला. हा घटक वेगळाच आहे, हे १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले आणि त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. सूर्यप्रकाशाचे महत्त्वही मेलनबी यांनी कमी लेखले होते. माणसाच्या त्वचेत उन्हामुळे ‘ड’ तयार होते. कुत्र्याच्या त्वचेत मात्र ते फारच थोडे बनते, त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते. ही गोष्ट कळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. ओटवर वाढलेल्या पिल्लांची हाडे सर्वांत वाईट का होत, याचे उत्तर मात्र मेलनबी यांच्याच पुढच्या कामातून मिळाले. धान्यातले फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही.

१९२० मध्ये मेलनबी शेफील्ड येथे प्राध्यापक झाले. १९३३ पासून १९४९ पर्यंत ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे ते सचिव होते. कारभाराचा एवढा व्याप सांभाळूनही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही आणि तिथेच कुत्र्यांच्या एका गूढ आजाराचा उलगडा झाला.

ब्रिटन-अमेरिकेत अनेक वर्षे धडधाकट कुत्री अचानक बिथरत होती. भेदरून भुंकत ती सैरावैरा धावत, भिंतींवर आदळत, मग आकडी येऊन कोसळत. काही त्यातच मरत. हा रेबीज नव्हता. जंत, संसर्ग, जीवनसत्त्वांची कमतरता असे अनेक तर्क झाले. मेलनबी यांनी कुत्री काय खातात ते पाहिले. कुत्र्यांसाठी खास बिस्किटे बनवण्याचा धंदा लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता. ती बिस्किटे आणि घरातला उरलेला पाव, दोन्ही गव्हाच्या पांढऱ्या पिठाचे. हे पीठ शुभ्र दिसावे आणि त्याचा पाव चांगला फुगावा म्हणून गिरण्या त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूची प्रक्रिया करत.

मेलनबी यांनी काही कुत्र्यांना प्रक्रिया केलेले पीठ दिले आणि काहींना तसेच, पण प्रक्रिया न केलेले. पहिल्या गटातल्या कुत्र्यांना झटके आले, दुसऱ्या गटातल्यांना आले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. त्यानंतर काही वर्षांतच इतर रसायनशास्त्रज्ञांनी नेमके विषही शोधले. गव्हातल्या प्रथिनांमधील मेथिओनिन या घटकाशी वायूचा संयोग होऊन मेथिओनिन सल्फॉक्सिमिन तयार होत होते. मेंदूतल्या एका महत्त्वाच्या विकराला ते अडवते आणि मेंदू अतिउत्तेजित होतो.

याच पिठाचा पाव लाखो माणसे रोज खात होती. त्यांना असे झटके आले नाहीत. म्हणून प्रश्न संपला, असे मात्र मेलनबी यांनी मानले नाही. अन्नात रसायन घालायचे तर ते निर्धोक असल्याची खात्री आधी करायला हवी, असा आग्रह त्यांनी धरला. अमेरिकेत १९४९ मध्ये ही प्रक्रिया बंद झाली, ब्रिटननेही पुढे ती सोडली.

निवृत्तीनंतर मेलनबी भारतात आले. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे ते पहिले संचालक. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या जुन्या महालात ही संस्था १९५१ मध्ये सुरू झाली. ३० जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

तो वायू आता पिठात वापरला जात नाही. पण माणसाला पचते ते कुत्र्याला पचेलच असे नाही, हा धडा आजही तितकाच लागू आहे. चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदय व मेंदूवर परिणाम करते. साखरविरहित च्युइंगगम आणि गोळ्यांतील झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते, यकृतही निकामी होऊ शकते. द्राक्षे आणि मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात, म्हणून प्रसादाचा शिरा त्याच्यापुढे ठेवू नये. कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, तांबड्या रक्तपेशी फोडतो. त्यामुळे रश्शात कालवलेली पोळीही नको. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन ते आतड्यात रुतू शकतात.

मग खाऊ काय द्यावा? मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले, हाडे काढलेले चिकन, उकडलेले अंडे, गाजर किंवा काकडीचे तुकडे, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद. आपले ग्लुकोज बिस्किट विष नाही, पण त्यात मैदा आणि साखरच जास्त. त्याची सवय लागली की वजन वाढते. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, असे पशुवैद्यक सांगतात. पिल्लाची हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॉड लिव्हर ऑइल मात्र मनाने देऊ नये. ‘ड’ जीवनसत्त्व जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आणि कुत्र्याने नको ते खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नये. लक्षणांची वाट न पाहता, खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन बरोबर घेऊन पशुवैद्यकाकडे जावे. कुत्र्याने काय खाल्ले, हे तिथेही आधी विचारले जाईल. मेलनबी यांनी हाच प्रश्न विचारला होता.