विल्यम केरी: पंगत, सोयरीक आणि खांदा

विल्यम केरी हे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना १८०५ साली छापलेल्या मराठी व्याकरणामुळे ठाऊक असते. स्पर्धा परीक्षेत एका गुणाचा प्रश्न म्हणून ते येते आणि परीक्षा झाली की विसरले जाते. चळवळीतल्या तरुणांना मात्र हा माणूस दुसऱ्या कारणासाठी माहीत असावा, असे आम्हाला वाटते. केरी बॅप्टिस्ट ख्रिस्ती होते आणि पोटासाठी जोडे शिवत होते. धर्म बदलून आलेल्या माणसाने आपल्या जातीचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यासमोर पुस्तकातून आला नाही. तो जेवणाच्या पानावर, लग्नात आणि तिरडीपाशी आला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात बौद्ध आणि ख्रिस्ती घरे कित्येक वस्त्यांत शेजारी शेजारी आहेत. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती हे आपल्यासारखेच महार-मांग समाजातून गेलेले. तरीही शेजारच्या चर्चमध्ये नेमके काय मानतात, हे आपल्या कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसते. शिबिरांमध्ये आम्हाला हे वारंवार जाणवते. म्हणून केरींच्या आयुष्याकडे आम्ही आपल्या नजरेने पाहणार आहोत, भक्तीने पाहणार नाही.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील हातमागावर कापड विणत, पुढे ते गावचे शाळामास्तर झाले. विल्यमला उन्हात काम केले की त्वचेचा त्रास व्हायचा. शेतमजुरी जमेना, म्हणून त्यांना जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले गेले. विणकराचा मुलगा चामड्याच्या कामाला गेला आणि त्याने कुणाचे सोवळे बिघडले नाही. तिकडे या धंद्याला प्रतिष्ठा कमीच होती, पण तो जन्माला चिकटलेला नव्हता. समाजशास्त्रात वर्ग आणि जात यांतला फरक शिकवताना हे उदाहरण चालेल. रांपी-आरीच्या बाजूला पुस्तक उघडे ठेवून केरींनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकून घेतल्या. पुढे मोठ्या साहेबांच्या मेजवानीत कुणीतरी त्यांच्या जुन्या धंद्यावरून टोमणा मारला, तेव्हा आपण जोडे बनवणारेसुद्धा नव्हतो, फाटके जोडे दुरुस्त करणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितल्याची आठवण त्यांच्या चरित्रांत येते.

५ ऑक्टोबर १७८३ रोजी नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. या वयाला महत्त्व आहे. इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होई, म्हणजे माणूस जन्मतःच त्या धर्माचा. बॅप्टिस्टांना हे मान्य नव्हते. कळत्या वयात, विचार करून, सगळ्यांसमोर जो स्वतः पाण्यात उतरतो तोच मंडळीचा सभासद, असे ते मानत. प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः चालवते, तिच्यावर बिशप नाही आणि धर्माच्या कामात राजाला हात घालता येत नाही, ही त्यांची दुसरी बाजू. देव, पाप, तारण या त्यांच्या कल्पना आपल्याला पटणाऱ्या नाहीत, आणि धम्मात त्यांना जागा नाही. पण धर्म जन्माने मिळत नाही, तो निवडावा लागतो, हे १४ ऑक्टोबर १९५६ च्या वारसदारांना समजावून सांगायची गरज नाही.

या मतांची किंमत बॅप्टिस्टांनी मोजली होती. १६६४ च्या कायद्याने सरकारी चर्चबाहेर पाचांपेक्षा जास्त परक्या माणसांनी एकत्र जमून उपासना करणे गुन्हा ठरले. जॉन बनियन या उपदेशकाने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली. १६८९ ला सवलत मिळाली तीही अटींसह: सभेची जागा सरकारात नोंदवायची. ऑक्सफर्डची दारे बंद, सरकारी पदे जवळपास बंद. म्हणजे जिथे इंग्रज राज्य करत होते, त्या खुद्द इंग्लंडात हे लोक दुय्यम होते.

केरींना जगभर धर्मप्रचार करायचा ध्यास लागला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा जमलेल्यांनी देऊ केलेली रक्कम १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती. पुढच्या जूनमध्ये ते निघाले आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्याला उतरले. परवाना नव्हता. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, अशी ईस्ट इंडिया कंपनीला धास्ती होती, त्यामुळे ती त्यांना येऊ देत नव्हती. इंग्रज सरकारनेच मिशनरी आणले, असे सरसकट बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. केरींनी पोटासाठी उत्तर बंगालात मदनावती इथे निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी धरली. निळीचा धंदा शेतकऱ्याला पिळणारा होता, हेही इथेच नोंदवून ठेवू.

मदनावतीत १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. केरी स्वतः तापाने अशक्त. प्रेताला हात लावायला गावात कुणी तयार होईना. खड्डा खणायला माणूस मिळेना. शेवटी चार मुसलमानांनी मिळून कबर खणली, तर गावाने त्यांनाच वाळीत टाकले. प्रेत उचलायला पुढे आली ती केरींच्या घरचा संडास साफ करणारी मेहतराणी आणि जातीबाहेर टाकलेला एक पोरगा. त्या बाईची ओळख तिच्या कामापलीकडे आपल्यापर्यंत पोचलेली नाही. केरींच्या चरित्रांत हा प्रसंग एका बापाचे दुःख म्हणून येतो. आम्हाला त्यात सगळा गाव दिसतो, कारण हा गाव आम्ही मराठवाड्यातही पाहिला आहे.

सात वर्षांत एकही बंगाली माणूस ख्रिस्ती झाला नाही. १८०० च्या जानेवारीत केरी हुगळी नदीकाठच्या श्रीरामपूरला आले. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, त्यामुळे कंपनीचा हुकूम तिथे चालत नसे. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे छापखानावाले तिथे त्यांना मिळाले. सगळी कुटुंबे एकत्र राहत, एकत्र जेवत, मिळकत एका पेटीत टाकत. केरींना पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याचे महिना ५०० आणि नंतर १००० रुपये मिळू लागले, तेही याच पेटीत गेले.

त्याच वर्षी कृष्ण पाल या सुताराचा खांदा निखळला आणि मिशनच्या डॉक्टरांनी तो बसवला. तिथून ओळख वाढली. २२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल आणि त्याचा मित्र गोकुळ यांनी मिशनऱ्यांबरोबर बसून उघडपणे जेवण केले. बाप्तिस्मा अजून झालेलाही नव्हता. पण गावाने जेवणाचाच धर्म ओळखला. जमाव गोळा झाला आणि कृष्णाला ओढत डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेले. अधिकाऱ्याने त्याला सोडले, रक्षणासाठी शिपाई दिला. २८ डिसेंबरला हुगळीच्या घाटावर कृष्णाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा डॅनिश गव्हर्नर ओले बी स्वतः हजर होते. सभा शांततेत पार पडली ती या संरक्षणामुळे. कंपनीच्या मुलखात तोच विधी झाला असता, तर काय झाले असते कोण जाणे.

यानंतर मंडळीत वेगवेगळ्या जातींचे लोक येऊ लागले आणि खरी कसोटी सुरू झाली. दक्षिणेत ट्रँकेबारच्या जुन्या लुथरन मिशनने ख्रिस्ती झालेल्यांची जात चालवून घेतली होती. प्रार्थनेला बसण्याच्या रांगाही वेगळ्या. संख्या वाढवायची तर ही सोय बरी होती. श्रीरामपूरकरांनी ती घेतली नाही. भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत सगळ्यांचा प्याला एकच, आणि सुताराबरोबर प्यायला नको असेल त्या ब्राह्मणाला मंडळीत जागा नाही, असे ठरले. १८०३ च्या एप्रिलमध्ये कृष्णप्रसाद या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण तरुणाचे कृष्ण पालच्या मुलीशी लग्न लागले. केरींनी बंगालीत लग्न लावले आणि मिशनची मंडळी सुताराच्या घरी जेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोकुळ वारला. कृष्णाने स्वतः पेटी बनवली. खांदा दिला तो मार्शमन, केरींचा थोरला मुलगा फेलिक्स, भैरव हा पूर्वीचा ब्राह्मण आणि पिरू हा पूर्वीचा मुसलमान, अशा चौघांनी. नऊ वर्षांपूर्वी फेलिक्सच्याच धाकट्या भावाला न्यायला माणूस मिळत नव्हता.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर लिहिताना रोटीव्यवहार पुरेसा नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे असे मांडले. येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी ख्रिस्ती मिशनांचाही कसून हिशोब घेतला. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी चर्चमध्ये जात टिकली आणि मिशनांनी ती टिकू दिली, हा त्यांचा आरोप होता व तो पुराव्यानिशी होता. श्रीरामपूर हा त्या हिशोबातला अपवाद म्हणावा लागेल, आणि तोही लहानसा. तिथे पंगत जमली ती मुख्यतः ब्राह्मण, कायस्थ, सुतार यांची. मदनावतीची मेहतराणी त्या पंगतीत कुठे दिसत नाही.

घरातली एक गोष्टही झाकून ठेवता येणार नाही. केरींची पत्नी डोरोथी लग्नाच्या वेळी निरक्षर होती आणि तिला हिंदुस्थानात यायचे नव्हते. दबावाखाली आली, पीटरच्या मृत्यूनंतर तिचे मन बिघडले ते कधी सावरले नाही. कृष्ण पालच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी ती एका खोलीत कोंडलेली होती. १८०७ मध्ये ती गेली. सामाजिक काम करणाऱ्यांच्या घरातल्या बायकांचे काय होते, हा प्रश्न मिशनपुरता नाही.

आता मराठीकडे येऊ. फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवत. केरी तिथे बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत होते. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. त्यांना मराठी दिली ती नागपूरकडच्या पंडित वैजनाथ शर्मांनी. १८०५ चे व्याकरण देवनागरीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या मराठी पुस्तकांपैकी एक आहे. त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान, १८१० मध्ये मोडी लिपीत शब्दकोश, १८११ मध्ये नवा करार. वैजनाथांची सिंहासन बत्तिशी आणि हितोपदेश ही पुस्तकेही श्रीरामपूरला छापली गेली. भाषा अवघड, वाक्यरचना कृत्रिम, हा अभ्यासकांचा आक्षेप बरोबर आहे. शिवाय हे सगळे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होते. तरी ज्या भाषेतले ज्ञान पोथीत बांधून ठराविक घरांत ठेवलेले होते, ती भाषा छापून विकली जाऊ लागली, याचा फायदा पुढे कुणाला झाला ते आपण जाणतो. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले ते याच्या चार दशकांनंतर.

१८१२ च्या मार्चमध्ये छापखाना जळाला. खिळे, हस्तलिखिते, कोश, सगळे राख. केरी पन्नाशीचे होते, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज निघाले, कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला प्रवेश देणारे. सतीबंदीसाठी त्यांनी अनेक वर्षे माहिती गोळा केली होती. डिसेंबर १८२९ मध्ये बंदीचा हुकूम बंगालीत उतरवायचे काम त्यांच्याकडे आले ते रविवारी. उपदेश दुसऱ्यावर सोपवून ते दिवसभर भाषांतराला बसले, कारण एका दिवसाच्या उशिराने एखादी बाई जळाली असती.

९ जून १८३४ रोजी केरी श्रीरामपूरलाच वारले. इंग्लंडला ते एकदाही परत गेले नाहीत.

उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचा एक भाग १९७० मध्ये इतर चर्चांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला. तो सोहळा २९ नोव्हेंबरला नागपूरला झाला. धम्मदीक्षेचे शहर तेच, वैजनाथ पंडितांचा मुलूखही तोच. आज अनुसूचित जातीच्या यादीत १९९० पासून बौद्ध आहेत, दलित ख्रिस्ती अजूनही नाहीत. घरात चालणाऱ्या प्रार्थनासभांवर जमाव चालून गेल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात. संविधानाचे कलम २५ त्यांच्या प्रार्थनेला आहे तसे आपल्या वंदनेला आहे, आणि त्यासाठी डॅनिश गव्हर्नरची गरज पडू नये. अशी बातमी आली की विहारातल्या आपल्या बैठकीत ती विषयपत्रिकेवर यावी, एवढी आमची सूचना आहे.

आणि एक सूचना घरच्यांसाठी. वधूवर परिचय मेळाव्यांच्या अर्जावर धर्म बौद्ध लिहिलेला असतो, पण फोनवर पोटजात विचारली जाते. मातंग, चर्मकार समाजातून धम्मात आलेल्यांना सोयरीक मिळायला त्रास होतो, हे त्यांच्याच तोंडून आम्ही ऐकले आहे. पुढच्या मेळाव्याच्या अर्जातून तो रकाना काढायचा आणि फोनवर तो प्रश्न विचारणाऱ्याचा अर्ज परत करायचा, असा ठराव एखाद्या मंडळाने करून पाहावा.