झूम वाढवूनही ग्रह धूसरच दिसतोय? मग विल्यम हर्शेलची ही गोष्ट वाचा

दुर्बीण घेतली त्या पहिल्याच रात्री मी ती परत करायचं ठरवलं होतं. १३० मिलीमीटर आरशाची परावर्ती दुर्बीण, खोक्यावर झूमचे मोठमोठे आकडे, आणि गुरू दिसला तो वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा. आयपीस बदलून मॅग्निफिकेशन वाढवलं. नाणं मोठं झालं, पण अजूनच धूसर झालं. मोबाइलवर डिजिटल झूम केल्यावर फोटोचं जे होतं, अगदी तेच.

परतीची मुदत संपायच्या आत विल्यम हर्शेलबद्दल वाचनात आलं आणि दुर्बीण घरातच राहिली. या माणसाने घरामागच्या बागेतून युरेनस शोधला. तोही जेमतेम साडेसहा इंचांहून लहान आरशाने!

वादक आरसे घासायला लागतो

हर्शेलचा जन्म १७३८ सालचा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये वादक, मुलगाही त्याच बँडमध्ये लागला. १७५७ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो इंग्लंडला आला आणि पुढे बाथ शहरात चर्चचा ऑर्गन वाजवणं, शिकवण्या घेणं, मैफली करणं यात स्थिरावला.

पस्तिशीच्या आसपास त्याला आकाशाचं वेड लागलं. हव्या त्या मापाचा आरसा तयार मिळेना आणि करून घ्यायचा तर परवडेना. मग १७७३ पासून तो स्वतःच आरसे बनवू लागला. तेव्हा हे आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील वितळवून केलेल्या मिश्रधातूची ती जड चकती असे. ती घासून घासून तिला अचूक खोलगट आकार द्यायचा, मग चकाकी आणायची. शेवटच्या टप्प्यात हात थांबवला तर आकार बिघडण्याची भीती. एकदा तर त्याने सलग १६ तास आरशावरून हात काढला नाही. धाकटी बहीण कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत होती.

या कॅरोलिनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ती १७७२ मध्ये भावाकडे आली ती गायिका व्हायला, आणि चांगली गायिका झालीही. पण घराचं वर्कशॉप झालं आणि तिचं गाणं मागे पडलं. भावाला जे स्पष्ट दिसलं, त्याची मोठी किंमत तिने मोजली. पुढे तिने स्वतः ८ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला.

१३ मार्च १७८१ ची रात्र

बाथमधल्या न्यू किंग स्ट्रीटवर १९ नंबरचं घर. मागच्या बागेत सात फुटी दुर्बीण, आरसा ६.२ इंचांचा, म्हणजे सुमारे १५७ मिलीमीटर. आज हौशी लोक वापरतात साधारण त्याच मापाचा. तारे तपासताना हर्शेलला एक तारा जरा वेगळा वाटला. तेव्हा २२७ पट मॅग्निफिकेशन होतं. त्याने ते ४६० केलं, मग ९३२. आजूबाजूचे तारे त्या प्रमाणात वाढले नाहीत, हा ठिपका मात्र वाढत गेला. म्हणजे हा तारा नव्हे. आधी तो धूमकेतू वाटला, पण कक्षेचं गणित झाल्यावर कळलं की हा नवा ग्रह आहे.

गंमत म्हणजे युरेनस त्याआधीही लोकांना दिसला होता. फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये, तर ल मोन्येने १७६९ पर्यंत अनेकदा त्याची नोंद केली होती. पण तारा म्हणूनच. हर्शेलच्या आरशाने ठिपका आणि चकती यातला फरक दाखवला. पुढच्या वर्षी त्याची दुर्बीण ग्रीनिचच्या वेधशाळेत तिथल्या दुर्बिणींशी ताडून पाहिली गेली आणि तीच सरस ठरली. राजाने वर्षाला २०० पौंड बांधून दिले आणि संगीताचा धंदा सुटला.

मोठं म्हणजे चांगलं? नाही.

मग हर्शेललाही मोठ्या आकड्यांचा मोह झालाच. १७८९ मध्ये त्याची ४० फुटी दुर्बीण तयार झाली, आरसा तब्बल चार फुटांचा. पहिला आरसा पातळ पडला म्हणून दुसरा, जवळपास टनभर वजनाचा ओतावा लागला. पण हे धूड हलवायला अवघड आणि आरसा काळवंडायचा. रोजच्या कामाला हर्शेल आपली लहान, २० फुटी दुर्बीणच वापरायचा. तिच्याच जोरावर बहिणीच्या मदतीने त्याने सुमारे २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले.

चुकांमधूनही तो शिकत राहिला. उबदार खोलीतून थंडीत आणलेली दुर्बीण लगेच नीट चालत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आरसे कशामुळे बिघडल्यासारखे वागतात, यावर त्याने १८०३ मध्ये रॉयल सोसायटीसाठी निबंधही लिहिला. १८२२ मध्ये तो वारला.

मी काय बदललं?

आता मी दुर्बीण तासभर आधी गच्चीवर नेऊन ठेवतो. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला की त्याच्यापुढची तरंगणारी गरम हवा थांबते. मग एक तेजस्वी तारा मधोमध घेऊन मुद्दाम थोडा आउट ऑफ फोकस करतो. वर्तुळं एकात एक, मधोमध दिसली तर आरसे सरळ रेषेत आहेत. एका बाजूला कललेली दिसली तर मागचे स्क्रू हळूहळू फिरवायचे. ग्रह आकाशात उंच येईपर्यंत थांबतो आणि कमी मॅग्निफिकेशनने सुरुवात करतो. प्रतिमा धूसर झाली की एक पायरी खाली येतो. फक्त एक लक्षात ठेवा, सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही.

परवा गुरूवरचे दोन पट्टे दिसले. गुरू लहानसाच दिसत होता, पण रेघ न् रेघ स्वच्छ. आईला हाक मारली. तिने आयपीसला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.