चुकलेल्या उत्तरांचा अभ्यासक

स्वित्झर्लंडमधल्या नुशातेल गावी १८९६ साली जन्मलेले जाँ पियाजे मूळचे गोगलगायींचे अभ्यासक. १९१८ची डॉक्टरेटही त्याच प्राण्यांवर. पुढे पॅरिसमध्ये शाळकरी मुलांकडून बुद्धिमापन चाचण्या सोडवून घेण्याचं रटाळ काम वाट्याला आलं. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच. पण पियाजेंचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती! आम्हा बँकवाल्यांना हे चटकन पटेल. ताळा जुळेना आणि फरकाला नऊनं भाग गेला, की आकड्यांची उलटापालट झाली असावी, हा आमचा पहिला संशय. चुकीलाही रीत असते.

ती रीत शोधण्यात त्यांनी जिनिव्हात आयुष्य घालवलं. स्वतःच्या तिन्ही तान्ह्यांचीही टिपणं ठेवली. त्यांचा एक प्रयोग घरी करून पाहा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या, मुलादेखत एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओता. उंच ग्लासात पाणी जास्त, असं चार-पाच वर्षांचं मूल ठामपणे सांगतं. (आपल्याकडे यावर धपाटाच मिळायचा.) ते मठ्ठ नसतं; उंची पाहताना रुंदी त्याच्या हिशेबात येत नाही. सात-आठ वर्षांचं झालं, की तेच आपल्याला हसतं. मन जग नुसतं टिपत नाही, रचतं. बोधात्मक मानसशास्त्राच्या पायातला हा विचार. तान्ह्यांची समज पियाजेंनी कमी लेखली, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं, तेही खरं.

त्यांची स्वतःची एक आठवण होती. बाबागाडीतून आपल्याला पळवू पाहणारा माणूस, झुंजणारी दाई, तिच्या चेहऱ्यावरचे ओरखडे. ते पंधराएक वर्षांचे असताना दाईनं पत्रानं कबुली दिली, की सारं बनावट होतं. बक्षिसाचं घड्याळही तिनं परत केलं. पियाजेंना मात्र तो प्रसंग मोठेपणीही स्पष्ट दिसत राहिला.