सरोवरांकडे जाणारी वाट : कर्नल चार्ल्स यंग यांचे जीवन

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा ही पर्वतरांग आहे. तिच्या दक्षिण भागातील सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात वुल्व्हर्टन नावाच्या ठिकाणाहून एक पायवाट वर चढत जाते. या वाटेवर हेदर, अ‍ॅस्टर, एमराल्ड आणि पेअर अशी चार सरोवरे एकामागून एक लागतात. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांनी ग्रॅनाइटचा खडक कोरून काढला, त्या खोलगट भागांत बर्फाचे पाणी साठले आणि ही सरोवरे तयार झाली. शेवटचे पेअर सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ९,५०० फूट उंचीवर आहे. तेथपर्यंतची चाल एका बाजूने सुमारे ६ मैलांची. उन्हाळ्यात तरुण मुले-मुली पाठीवर तंबू बांधून तेथे मुक्कामाला जातात. मुक्कामासाठी परवाना लागतो, अस्वलांपासून अन्न जपावे लागते आणि शेकोटी पेटवण्यास मनाई असते. हिवाळ्यात हीच वाट बर्फाखाली जाते, तेव्हा धाडसी मंडळी स्कीवरून पेअर सरोवराजवळच्या दगडी निवाऱ्यापर्यंत पोहोचतात.

या सरोवरांचे पाणी कवीया नदीच्या मार्बल फोर्क या शाखेतून खाली उतरते आणि पुढे मैदानातील शेतीला मिळते. डोंगरावरचे अरण्य राखले तरच खालची शेती टिकेल, हे व्हिसालिया परिसरातील नागरिकांनी ओळखले होते. त्यांच्या खटपटीला १८९० मध्ये यश आले आणि हे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. परंतु कायद्याने उद्यान जाहीर झाले, म्हणून ते लोकांचे झाले असे नाही. पुढे कित्येक वर्षे त्या डोंगरावर चाकाची गाडी पोहोचत नव्हती. ती वाट १९०३ च्या उन्हाळ्यात ज्यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण झाली, ते गृहस्थ गुलामीत जन्मलेले होते. त्यांचे नाव चार्ल्स यंग. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्यांचे चरित्र ठेवावे, असे आम्हांस मनापासून वाटले.

चार्ल्स यंग यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी केंटकी राज्यातील मेज लिक या गावी झाला. आईवडील दोघेही गुलाम होते. अमेरिकेतील यादवी युद्ध अखेरच्या टप्प्यात असताना, १८६५ मध्ये, वडील गॅब्रिएल मालकाच्या तावडीतून निसटले आणि संघराज्याच्या तोफखान्यात भरती झाले. पुढे हे कुटुंब ओहायो नदीपलीकडच्या रिप्ले गावी स्थायिक झाले. गुलामीतून पळालेल्या माणसांना आसरा देणारे गाव अशी रिप्लेची ख्याती होती. आई आर्मिंटा यांनी मुलाच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष पुरवले. गोऱ्या मुलांसोबत एकाच शाळेत शिकून चार्ल्स यांनी माध्यमिक शिक्षण उत्तम रीतीने पूर्ण केले आणि काही काळ शिक्षकाची नोकरी केली. ज्या घराच्या मागच्या पिढ्यांना अक्षरओळखही दुर्लभ होती, त्या घरातला मुलगा फळ्यापुढे उभा राहिला. या घटनेचा अर्थ आमच्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

१८८४ मध्ये त्यांना वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला. तेथील वर्षे अत्यंत कठीण गेली. बहुतेक सहाध्यायी त्यांच्याशी बोलत नसत. अपमान आणि अबोला हा रोजचा शिरस्ता होता. गणितात मागे पडल्यामुळे पहिले वर्ष पुन्हा करावे लागले. शेवटच्या वर्षी अभियांत्रिकीच्या विषयात अडचण आली, तेव्हा जॉर्ज गोथल्स या शिक्षकांनी त्यांना जादा शिकवले. हेच गोथल्स पुढे पनामा कालव्याचे शिल्पकार म्हणून जगाला माहीत झाले. १८८९ मध्ये यंग पदवीधर झाले. वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारे ते केवळ तिसरे कृष्णवर्णीय होते. त्यांच्यानंतर चौथा कृष्णवर्णीय पदवीधर तेथून बाहेर पडण्यास १९३६ साल उजाडावे लागले. दार एकदा उघडले म्हणजे ते उघडेच राहते, असे इतिहासात घडत नाही. आमच्याकडेही १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महार तरुणांची लष्करभरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या तलवार गाजवणाऱ्यांना जात पाहून घरी बसवण्यात आले होते. म्हणूनच यंग यांची कथा वाचताना ती परक्या देशाची आहे असे आम्हांस वाटत नाही.

यंग यांची नेमणूक नवव्या घोडदळ पलटणीत झाली. या पलटणीतील सैनिक कृष्णवर्णीय होते आणि लोक त्यांना बफेलो सोल्जर म्हणत. १८९४ पासून काही वर्षे यंग यांनी ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात लष्करी शास्त्र शिकवले. तेथे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी त्यांची जन्मभराची मैत्री जमली. याच ड्युबॉइस यांच्याशी बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला होता. यंग अनेक भाषा जाणत आणि संगीतातही त्यांना गती होती. १९०१ मध्ये ते कॅप्टन झाले आणि फिलिपाइन्समधील मोहिमेवरून परतल्यावर त्यांचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या छावणीत पडला.

त्या काळी राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते नव्हते. ते १९१६ मध्ये स्थापन झाले. तोवर दर उन्हाळ्यात लष्कराच्या तुकड्या उद्यानांची राखण करीत. बेकायदा मेंढ्या चारणारे आणि चोरटे शिकारी यांना आवर घालणे हे त्यांचे मुख्य काम असे. १९०३ मध्ये सेक्वोया आणि जनरल ग्रँट या उद्यानांचे कार्यकारी अधीक्षकपद कॅप्टन यंग यांच्याकडे आले. राष्ट्रीय उद्यानाची सूत्रे हाती घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी होत. सैनिकांसह ३०० मैलांहून अधिक अंतर घोड्यांवरून तोडून ते सेक्वोयात दाखल झाले.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. ही भूमी कधीच निर्मनुष्य नव्हती. कवीया नदीच्या काठी वेस्टर्न मोनो हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. हॉस्पिटल रॉक येथील खडकांत ओकची फळे कुटण्यासाठी त्यांनी केलेले खळगे आजही दिसतात. गोऱ्या वसाहतींबरोबर आलेल्या साथींनी त्यांच्या वस्त्या उजाड केल्या. त्यानंतर १८८६ च्या सुमारास कवीया कॉलनी नावाच्या समाजवादी सहकारी वसाहतीतील श्रमिकांनी डोंगरावर रस्ता खोदायला घेतला. तेथल्या सर्वांत प्रचंड वृक्षाला त्यांनी कार्ल मार्क्सचे नाव दिले होते. आज तो जनरल शेरमन वृक्ष म्हणून ओळखला जातो. १८९० मध्ये उद्यानाची हद्द वाढली आणि पुढे वसाहत मोडली. तिच्या श्रमिकांना रस्त्याचा मोबदलाही मिळाला नाही. त्यांचा तो अर्धवट राहिलेला रस्ता पुढे नेण्याचे काम लष्कराकडे आले होते, पण ते फार मंदगतीने चालले होते.

यंग यांनी ते काम झपाट्याने हाती घेतले. सैनिक व मजूर यांच्याकडून डोंगराच्या उतारावर खोदाई, खडक फोडणे, भराव घालणे हे सर्व त्यांनी जातीने देखरेख ठेवून करवून घेतले. आधीच्या तीन उन्हाळ्यांत मिळून जेवढा रस्ता झाला होता, तेवढा त्यांनी एका उन्हाळ्यात केला. ऑगस्टच्या मध्यास जायंट फॉरेस्ट या महावृक्षांच्या अरण्यात पहिल्यांदा घोडागाड्या पोहोचल्या. तेवढ्यावर न थांबता मोरो रॉक या उत्तुंग खडकाच्या पायथ्यापर्यंत त्यांनी रस्ता नेला. तोवर केवळ धडधाकट माणसाला दिसणारे अरण्य आता म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायांनाही पाहता येऊ लागले. अरण्यातील खासगी मालकीच्या जमिनी सरकारने विकत घ्याव्यात, असाही आग्रह त्यांनी धरला. जे सर्वांचे आहे, त्याच्या मधोमध कुणा एकाचे कुंपण असू नये, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

रस्ता पूर्ण झाल्यावर व्हिसालियाच्या लोकांनी एका महावृक्षाला यंग यांचे नाव देण्याचे ठरवले. यंग यांनी नम्रपणे नकार दिला. नाव द्यायचेच असेल तर ते बुकर टी. वॉशिंग्टन यांचे द्यावे, आणि आपल्याबद्दल हीच भावना वीस वर्षांनीही टिकली तर मग विचार करावा, असे त्यांनी सुचवले. बुकर टी. वॉशिंग्टन हेही गुलामीत जन्मून शिक्षणसंस्था उभारणारे गृहस्थ. त्यांचे नाव एका वृक्षाला मिळाले. यंग यांची मात्र वीस वर्षे उलटली तरी कुणी आठवण केली नाही. त्यांच्या नावाचा वृक्ष जायंट फॉरेस्टमध्ये उभा राहण्यास सुमारे शंभर वर्षे जावी लागली.

पुढे यंग यांनी हैती आणि लायबेरिया या देशांत लष्करी प्रतिनिधी म्हणून काम केले. १९१६ च्या मेक्सिको मोहिमेत घोडदळाचे नेतृत्व केले. त्याच वर्षी त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा यंग हे नियमित सैन्यातील सर्वांत वरिष्ठ कृष्णवर्णीय अधिकारी होते. आता ते जनरल होणार, गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागणार, ही गोष्ट अनेकांना सहन होईना. तक्रारी राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेल्या. वैद्यकीय तपासणीत रक्तदाबाचे कारण निघाले. कर्नलपद देऊन त्यांना सेवेतून निवृत्त करण्यात आले.

यंग यांनी आपली प्रकृती धडधाकट असल्याचा पुरावा देण्याचे ठरवले. जून १९१८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते विल्बरफोर्सहून घोड्यावर स्वार झाले आणि जवळजवळ ५०० मैल प्रवास करून राजधानी वॉशिंग्टनला पोहोचले. तरीही त्यांना लगेच रुजू करून घेतले गेले नाही. घेतले ते नोव्हेंबरमध्ये, युद्ध संपण्यास पाच दिवस उरले असताना. न्याय नाकारण्याचा हा प्रकार मोठा धूर्त असतो. त्यात नकार नसतो, फक्त उशीर असतो. आमच्या समाजातील किती नियुक्त्या आणि बढत्या या उशिरात गडप झाल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

८ जानेवारी १९२२ रोजी आफ्रिकेतील लागोस शहरी सेवेत असतानाच कर्नल यंग यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांचा देह मायदेशी आणून आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत सन्मानाने ठेवण्यात आला. जनरलपद मात्र त्यांना २०२२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी मिळाले.

ज्या माणसाने राष्ट्रीय उद्यानात सर्वांसाठी रस्ता नेला, त्याच्या बांधवांसाठी त्याच देशातील व्हर्जिनियाच्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये लुईस माउंटन ही वेगळी जागा उघडण्यात आली. डोंगर राष्ट्राचा, परंतु बसण्याची जागा रंग पाहून. ही स्थिती पूर्णपणे संपण्यास दुसरे महायुद्ध उलटावे लागले. तळे सार्वजनिक आहे असे नगरपालिकेने ठरवूनही माणसाला तेथे जाता येत नाही, हा अनुभव आम्ही महाडला घेतला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तर ते पाणी आमचेही आहे हे सिद्ध करण्यासाठी. म्हणून कोणतेही सरोवर आमच्या लेखी केवळ देखावा नसतो. त्याच्या काठावर कोण पोहोचू शकतो, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो.

आज पर्यटक दुसऱ्या, नव्या मार्गाने जायंट फॉरेस्टला जातात. यंग यांनी पूर्ण केलेला जुना रस्ता आता शांत पायवाट म्हणून उरला आहे. आमच्या शाळेतील मुले-मुली शिकून जगभर जात आहेत. त्यांतील कुणी उद्या पेअर सरोवराच्या काठी उभे राहील, तर त्याने त्या निळ्या पाण्याचा मनमुराद आनंद घ्यावा. तो त्याचा हक्क आहे. मात्र परतताना त्या जुन्या वाटेवर थोडा वेळ थांबावे आणि कर्नल चार्ल्स यंग यांना मनोमन वंदन करावे. आपल्या हाती आलेल्या एका उन्हाळ्यात आपण मागून येणाऱ्यांसाठी किती रस्ता पुढे नेतो, हाच त्यांच्या जीवनाचा आम्हांस कळलेला अर्थ आहे.